स्वच्छ गाळणी

"अठ्ठ्याऐंशी," धम्मदीप म्हणाला. "एकोणनव्वद. काका, चढून राह्यली सुई."

वामनराव इंजिनच्या उघड्या झाकणाशी गुडघे टेकून बसले होते. एक हात बोटीच्या कडेला, दुसरा इंजिनाला गार पाणी आणणाऱ्या रबरी नळीवर. दहा मिनिटांपूर्वी ही नळी माठासारखी गार होती. आता कोमट लागत होती, आणि आतल्या पाण्याचा जोर बोटांखाली हळूहळू पातळ होत होता.

"आवाज आयक," ते म्हणाले. "फेरे वाढले, पन बोट काई पुढे जाऊन नाई राह्यली."

"म्या रेस दिलीच नाई काका. आईची आन."

"तू देल्ली असं कोन म्हनलं?"

"समदेच तं म्हनून राह्यले."

पंच्याण्णवला भोंगा वाजायला लागला. धम्मदीपने चावी फिरवली. इंजिन बंद पडलं आणि धरणाच्या पाण्यावर एकदम एवढी शांतता झाली, की लांबच्या भिंतीवरून दरवाज्यांतून कोसळणाऱ्या पाण्याची घरघर ऐकू आली. बोट स्वतःच्याच लाटेवर हेलकावली आणि वाऱ्याबरोबर आडवी होऊन वाहू लागली. तिला सुकाणू नव्हतं. बाहेर पंखाही नव्हता. पोटाला लावलेल्या धातूच्या पट्ट्यांमधून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोराने फेकायचं, एवढंच तिचं चालणं. त्यातलंच थोडं पाणी इंजिन गार करायला जायचं. ते तोंड वळलं की बोट वळायची. पुरात बुडणाऱ्या माणसाला पंख्याचं पातं लागू नये म्हणून बचाव पथकाने मुद्दाम अशी घेतली होती. पण इंजिन बंद म्हणजे वळणंही बंद.

पाच मिनिटं थांबून धम्मदीपने पुन्हा चावी फिरवली. सुई उतरली, बोट शहाण्या लेकरासारखी चालू लागली.

"पाहा," धम्मदीप म्हणाला. "दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरते, तसं हाय हिचं. कोनाले दाखवाले गेलं का ठनठनीत."

वामनरावांनी इंजिनचं झाकण लावलं. बोट अशी तापायला लागून आज दहावा दिवस होता.

*

काठावर पंजाबराव चौकीदाराची टपरीवजा चौकी होती. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर रागिणी मॅडम बसल्या होत्या. पथकाच्या अधिकारी, सकाळीच अमरावतीहून आल्या होत्या. मांडीवर फाइल, आणि फाइलच्या वरच बोट विकणाऱ्या कंपनीचं पत्र.

"यांचं म्हणणं स्पष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पत्र वाचून दाखवलं नाही, फक्त दोन ओळींवर बोट ठेवलं. "इंजिन तापण्याची दोनच कारणं असू शकतात. चालकाने गरजेपेक्षा जास्त वेग दिला, किंवा बोट उथळ, गाळाच्या पाण्यातून नेली. दोन्ही चालकाच्या चुका आहेत. त्यांचा माणूस आठ दिवसांनी येईल. आणि वरून सांगितलंय, रात्रीतून आणखी पाणी येणार आहे. मी आठ दिवस थांबू शकत नाही."

"मॅडम, म्या..." धम्मदीप म्हणाला.

"तुमच्यावर माझा राग नाही. पण इंजिन जळालं तर पुरात माणसं कशाने काढायची? दोन वाजेपर्यंत दुसरं कारण सापडलं तर ठीक. नाहीतर चालक बदलावा लागेल. तिवशाहून एक जण बोलावलाय मी."

धम्मदीप मान खाली घालून उभा राहिला. अमरावतीला क्लासची व्हॅन चालवायचा तो. ती सोडून त्याने पोहण्याचं, बोटीचं शिक्षण घेतलं, आणि गेल्या दिवाळीनंतर अकरा महिन्यांच्या करारावर पथकात लागला. त्या कागदावर 'निष्काळजी' हा एक शब्द पडला की पुढचा कागद निघणार नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

"थांबा मॅडम," पंजाबराव स्टोव्हवरचं भांडं उतरवत म्हणाला. "वामनराव हायेत न! त्यायच्या हाताले मेलेली मोटर उठून बसते. फक्त माह्या चहाच्या भांड्यात आता इंजनाचे पार्ट उकळू नोका म्हना."

खरंच होतं ते. इंजिनमधला तापमानाचा झडप-पुर्जा वामनरावांनी सकाळी त्याच भांड्यात दोऱ्याने टांगून, थर्मामीटर लावून तपासला होता. बरोबर अंशाला उघडला, बरोबर अंशाला मिटला. नळ्या काढून फुंकून पाहिल्या होत्या. पट्टा, तेल, पाण्याची धार, सगळं एकेक करून बाद केलं होतं. एक शंका घ्यायची, ती पुरी करायची, मगच दुसरीला हात घालायचा, अशी त्यांची चाळीस वर्षांची रीत होती.

मोर्शीच्या भोवती संत्र्याच्या बागांमध्ये अशी विहीर विरळाच, जिच्यात वामनराव उतरले नसतील. माणूस दहावी नापास. पण मोटरचा आवाज फोनवर ऐकून सांगायचे, की बेअरिंग गेलं की पाणी खाली गेलं. त्यांची आणखी एक ओळख होती. विहिरीत सोडायच्या पाइपाच्या तोंडाला ते संत्र्याच्या रोपवाटिकेतलं हिरवं शेडनेट दुमडून बांधून द्यायचे. शेवाळ, काडीकचरा आत जाऊ नये म्हणून. त्याचं वेगळं काही मागायचे नाहीत, कुणाला सांगायचेही नाहीत. शर्टाचं शेवटचं बटण लावावं, तसं ते काम संपल्यावर होऊन जायचं. लोक म्हणायचे, वामनरावाची जाळी असली की पाइप चोंदत नाही. पथकाचे पाणी उपसायचे पंप, जनरेटर दुरुस्तीला त्यांच्याकडेच असायचे. चौकीच्या भिंतीवरच्या फलकावर रुग्णवाहिकेच्या खाली त्यांचं नाव आणि नंबर होता.

"वामनराव, तुमचं काय म्हणणं?" मॅडमनी विचारलं.

"पानी कमी पडून राह्यलं इंजनाले. पन कुठी अडते थे सापडत नाई. हे पाहा." त्यांनी बोटीतून काढून आणलेली गाळणी पुढे केली. काचेचं भांडं, आत स्टीलची बारीक जाळी. इंजिनाकडे जाणारं पाणी आधी हिच्यातून जातं. "इथी कचरा असता तं मी म्हनलो असतो, हेच हाय. पन एक पान नाई."

पंजाबरावाने वाकून पाहिलं आणि आपली चहाची गाळणी शेजारी धरली. "काय राजेहो! चार कप चहा केला तं माही गाळनी बंद पडते. अन् ही बाई दहा दिस धरनाचं गढूळ पानी पिऊन राह्यली, अन् दात कसे पाहा, पांढरेशुभ्र!"

धम्मदीपसुद्धा हसला. वामनराव हसले नाहीत.

त्यांनी गाळणी उजेडात धरली. खरंच, इतकी स्वच्छ कशी? पहिले दहा-बारा दिवस पाणी नितळ होतं, तेव्हा बोट कधी तापली नाही. मग वरून पूर आला, पाण्यात शेवाळ आलं, तुटलेल्या वेलांची मुळं आली. बोटीच्या पोटाच्या पट्ट्यांमध्ये तर हाताचं बोट जाईल एवढ्या फटी. थोडा तरी कचरा गाळणीत यायलाच हवा होता. आला नाही. म्हणजे गाळणीच्याही आधी कोणीतरी त्याला अडवत होतं. इंजिन ओढू लागलं की कचरा तिथे घट्ट चिकटत होता, आणि बंद केलं की सुटून खाली जात होता. म्हणून ताप उतरायचा. म्हणून वरून पाहावं तर काही नाही.

त्यांच्या हाताला आधी आठवलं, मग त्यांना.

बोट ट्रेलरवर आली होती ती संध्याकाळ. नारळ फुटला होता, माणसं पेढे खात उभी होती. वामनराव सवयीने बोटीखाली वाकले होते. एवढ्या मोठ्या फटी पाहून त्यांचा जीव चुकचुकला होता. पिशवीत शेडनेटचा तुकडा होता, बाइंडिंग तार होती, पक्कड होती. दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात उतरली, ट्रेलर अमरावतीला परत गेला. तेव्हापासून तिचं पोट कोणी पाहिलं नव्हतं.

"काय झालं काका?" धम्मदीपने विचारलं.

"काई नाई."

"चला," मॅडम उठल्या. "मला स्वतःला बघायचंय ती कशी तापते. लाइफ जॅकेट द्या."

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण वामनरावांनी स्वतःला सांगितलं, शंका आहे, खात्री नाही. खात्री झाल्याशिवाय मेकॅनिकने तोंड उघडू नये. रीत चाळीस वर्षांची होती. त्या दिवशी ती त्यांना फार सोयीची पडली.

*

"खोल पान्यातच नेतो मॅडम," धम्मदीप म्हणाला. "म्हंजे उथळाचं नावच नोको."

खोल पाणी धरणाच्या भिंतीकडे होतं. भिंतीच्या अलीकडे लाल पिंपांची साखळी तरंगत होती. तिच्या पलीकडे जायचं नाही, हा धरणावरचा पहिला नियम. दोन दरवाजे फूटभर उचललेले होते.

सात मिनिटांतच सुई पंच्याण्णववर गेली. भोंगा वाजला. धम्मदीपने इंजिन बंद केलं. पश्चिमेचा वारा होता, बोट आडवी होऊन पिंपांकडे सरकू लागली.

"आता?" मॅडमनी विचारलं.

"पाच मिनटं. मंग होते सुरू."

पाच मिनिटांनी इंजिन सुरू झालं, पण बोट हलली नाही. मागे नुसता फेस. सुई उतरलीच नव्हती, भोंगा थांबेना.

"बंद कर!" वामनराव ओरडले. "जळन थे."

धम्मदीपने नांगर टाकला. दोर संपला, तळ लागला नाही. पिंपं आता एवढी जवळ आली होती की त्यांच्यावरचा गंज दिसत होता. साखळीखालून पाणी वळत, गुळगुळीत होऊन पुढे जात होतं. धम्मदीपने वल्हं काढलं आणि एका बाजूने मारू लागला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. बोट जागेवर राहत होती, मागे येत नव्हती.

"मी उतरतो पान्यात," वामनराव म्हणाले.

"येडे झाले काय काका? मी उतरतो, तुमी वल्हं धरा."

"तुह्याएवढं वल्हं मारनं माह्याच्यानं होत नाई. चावी काढ. मॅडमच्या हातात दे."

"चावी कशाला?" मॅडमनी विचारलं.

"माहा हात पोटाखालच्या पट्ट्यायत असन. कोनं चुकून सुरू केलं तं हात जाईन." ते कमरेला दोर बांधत होते. "मॅडम, हा दोर धरा. दोन झटके देले का ओढा."

मॅडमनी चावी मुठीत धरली, मनगटाला दोराचे दोन वेढे दिले. 

लाइफ जॅकेट घालून बुडी मारता येत नाही. वामनरावांनी ते काढून ठेवलं, पक्कड दातांत धरली आणि कडेवरून उतरले. एकसष्टाव्या वर्षी, विहिरीत उतरल्यासारखेच, पाय आधी.

पाण्याखाली काही दिसत नव्हतं, नुसता मातकट उजेड. त्यांनी बोटीच्या पोटावरून हात सरकवत नेला. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग मऊ. लोळागोळा झालेलं शेवाळ, हातभर जाड. त्याच्याखाली बोटांना नेटची वीण लागली. कोपऱ्यात तार लागली. तीन पीळ, आणि टोक आत दुमडलेलं. शेतकऱ्याचा हात कापू नये म्हणून. असं टोक दुमडणारा माणूस त्या भागात एकच होता.

श्वास संपला. ते वर आले, दोन घोट हवा घेतली.

"काका, काई हाय काय?" वरून धम्मदीपचा दमलेला आवाज.

ते पुन्हा खाली गेले. एक कोपरा. वर. दुसरा, तिसरा. वर आले तेव्हा पिंप हाताच्या अंतरावर होतं आणि धम्मदीप पाय टेकून बोट त्याच्यापासून दूर रेटत होता. चौथ्या बुडीला शेवटची तार सुटली आणि जाळी हातात आली, ओल्या गोधडीसारखी जड. त्यांनी ती झटकली. शेवाळ सुटून खाली गेलं. हातात नुसता हिरवा तुकडा राहिला, रुमालाएवढा हलका.

सोडून दिला असता तर तोही गेला असता. साठ-सत्तर फूट पाणी होतं. खालून वर बोलायला कोणी आलं नसतं.

त्यांनी तो बनियनच्या आत कोंबला आणि दोराला दोन झटके दिले.

*

चावी लागली, इंजिन घुमलं आणि बोटीने अशी उडी घेतली की मॅडम बाकावर आदळल्या. पिंपं मागे पडली. सुई पंच्याण्णववरून घरंगळत बहात्तरवर आली आणि तिथेच राहिली.

"बहात्तर!" धम्मदीप ओरडला. "काका, बहात्तर! जादू केली तुमी!"

"काय होतं?" मॅडमनी विचारलं.

"शेवाळ," वामनराव म्हणाले. अंगावरून पाणी निथळत होतं. "शेवाळ अडकलं होतं."

खोटं नव्हतं ते. बनियनमधला नेटचा तुकडा छातीला टोचत होता.

काठावर येईपर्यंत धम्मदीप बोलत होता. आईला फोन करतो म्हणाला. पंजाबरावाला लांबूनच हात केला. चौकीत येऊन मॅडमनी केस पुसले, खुर्चीवर बसल्या आणि फाइल उघडली. थोडा वेळ लिहिलं, मग पेन थांबलं.

"धम्मदीप, इंजिन वाचलं, फार बरं झालं. वामनरावांचे आभार मानायला हवेत. पण शेवाळ म्हणजे काठचं उथळ पाणी. पत्रातला दुसरा मुद्दा तोच आहे. दहा दिवस तुम्ही सांगत होतात की उथळातून नेली नाही."

धम्मदीपच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, नुसतं रिकामं झालं.

"मॅडम, खरंच नाई नेली."

"मग शेवाळ पोटात कुठून आलं? जे पाहिलं ते मला लिहावंच लागेल. तिवशाचा चालक निघालाय."

धम्मदीपने वामनरावांकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता. मेलेली मोटर उठवणारा माणूस आता आपल्या बाजूने दोन शब्द सांगेल, एवढीच आशा होती.

वामनरावांनी बनियनमध्ये हात घातला आणि हिरवा तुकडा टेबलावर ठेवला. चारही कोपऱ्यांना तारेचे पीळ तसेच होते. फाइलवर पाण्याचा डाग पसरला.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"जाळी. बोटीच्या पोटाले बांधेल होती. तिच्यावर शेवाळ साचे. पोरगं कुठून बी नेतं तं साचलंच असतं. पट्ट्याच्या फटीतून जो कचरा निंगून जाते, थो हिनं धरून ठेवला."

"कोणी बांधली?"

पंजाबरावाने तुकडा उचलला, कोपरा पाहिला आणि हळूच परत ठेवला. त्याच्या स्वतःच्या वावरातल्या विहिरीवर तसेच पीळ होते.

"म्या," वामनराव म्हणाले. "बोट आली त्या दिशी. कोनाले इचारलं नाई. विहिरीले बांधतो तशी बांधली. विहिरीत पानी कमी आलं तं नुसतं कमी येते. इथी त्याच पान्यावर इंजन गार होते, हे ध्यानात नाई घेतलं."

"तुम्हाला हे केव्हा कळलं?"

त्यांनी तारेचं एक टोक बोटाने दाबलं. "बोटीत बसाच्या आंदी."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमच्या मनगटावर दोराचे दोन लाल वळ उठले होते. 

बोलला तो धम्मदीप. आवाज चढला नाही त्याचा. "दहा दिस मी शिव्या खाल्ल्या. घरी सांगलं नाई. रोज तुमाले म्हने, काका, माही चूक हाय काय पाहा. अन् तुमी माह्यासंगंच पाहत होते."

"हो."

"अन् आत्ता बोटीत बी शेवाळ म्हनले."

"हो, बाप्पा."

 धम्मदीप बाहेर जाऊन धक्क्यावर उभा राहिला.

मॅडमनी कोरा कागद काढला. "हे तुमच्या हाताने लिहून द्या. मग चालकाचा प्रश्न राहत नाही. पण वामनराव, यानंतर पथकाच्या कामाला मला तुम्हाला बोलावता येणार नाही."

"नोकाच बोलावू," ते म्हणाले.

त्यांनी उभ्यानेच लिहिलं. अक्षर मोठं, शाळकरी होतं. 'जाळी मी बांधली' पर्यंत आले आणि ओल्या हाताखाली शाई फुटली. दुसरा कागद मागून घेतला आणि पहिल्यापासून लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली.

सही वाळायच्या आत मॅडमचा फोन वाजला. धरणामागच्या फुगवट्याच्या कडेला भाजी तोडायला गेलेली अकरा माणसं टेकाडावर अडकली होती. तीन बायका, एक म्हातारा. पाणी चढत होतं.

मग सगळं भराभर झालं. पथकातले दोघे जॅकेटं घेऊन धावले. मॅडमनी कागद फाइलमध्ये ठेवला आणि खिडकीतून ओरडल्या, "धम्मदीप, तुम्हीच न्या. तिवशाच्या माणसाला मी परत पाठवते."

वामनराव पिशवी उचलून निघाले होते. धक्क्यापाशी गर्दी जमली होती. गावातली माणसं, कोणाच्या तरी घरची रडणारी बाई. बोट वाऱ्याने दगडांवर आपटत होती. ती सुटेपर्यंत कोणीतरी पुढचा दोर ताणून धरायला हवा होता. धम्मदीपने गर्दीकडे पाहिलं. नजर फिरत फिरत वामनरावांवर आली, क्षणभर थांबली. मग त्याने दोराचं टोक फेकलं.

"धरा."

काका म्हणाला नाही.

वामनरावांनी पिशवी चिखलात ठेवली, दोर झेलला आणि टाच दगडात रोवून मागे रेलले. ओला दोर तळव्यात करकरला. इंजिन सुरू झालं. धम्मदीप त्यांच्याकडे पाहत नव्हता; त्याचे डोळे सुईवर होते. सुई कुठे आहे ते काठावरून दिसत नव्हतं. वामनराव नुसता आवाज ऐकत होते, मान जराशी तिरकी करून. आवाज भरीव होता.

धम्मदीपने हात वर केला.

"सोडा."

वामनरावांनी दोर सोडला.